उबुंटू टाकायचंय, पण कुठलं?

दरवर्षी कॉलेज सुरू झालं की हॉस्टेलवर एक सीन ठरलेला असतो. कुणाचा तरी नवा लॅपटॉप आलेला असतो, चार-पाच जण पलंगावर कोंडाळं करून बसलेले असतात आणि एकच पेनड्राइव्ह हातोहात फिरत असतो. उबुंटू टाकायचं यावर एकमत झालेलं असतं. पण डाउनलोड करायला गेलं की समोर बहुतेक वेळा दोन आवृत्त्या दिसतात. एकीच्या पुढे 'एलटीएस' अशी तीन अक्षरं, दुसरीचा आकडा तिच्यापेक्षा मोठा. इथे कोंडाळ्यात दोन पक्ष पडतात आणि बहुतेक वेळा मोठा आकडा जिंकतो. मोबाईल घेताना लागलेली सवय, दुसरं काय!

मीही त्याच पक्षात होतो. पक्ष बदलला तो हॉस्टेलवरच्या एका सिनियर दादाच्या बीई प्रोजेक्टमुळे.

दादानं २०२३ च्या जुलैमध्ये नवा लॅपटॉप घेतला आणि त्यावर २३.०४ टाकलं. तेव्हाचं एलटीएस होतं २२.०४. "वर्षभर जुनं कशाला टाकायचं?" हा त्याचा सवाल, आणि तो आम्हा सगळ्यांना पटला होता. प्रोजेक्ट होता गोदामात सामान इकडून तिकडे नेणारा छोटा रोबो. त्यासाठी रॉस २ ची 'हंबल' ही आवृत्ती वापरायची होती. आता हंबलची उबुंटूसाठीची तयार पॅकेजेस मिळतात ती २२.०४ वर. २३.०४ साठी ती नव्हतीच. दादा हटला नाही. तीन रात्री जागून त्यानं सगळं सोर्समधून कंपाइल केलं. रोबो कॉरिडॉरमधून पळाला, आम्ही टाळ्या पिटल्या.

पुढे २५ जानेवारी २०२४ ला २३.०४ चा सपोर्ट संपला. प्लेसमेंट, सबमिशन आणि रिपोर्टच्या धांदलीत दादाला त्याचा पत्ताही नव्हता. मार्चमध्ये एका रात्री स्क्रीनवर सूचना आली की या आवृत्तीला आता अपडेट्स मिळणार नाहीत, पुढची घ्या. त्यानं बटण दाबलं आणि झोपला. सकाळी लॅपटॉपवर २३.१० होतं, आणि रोबोचा प्रोग्राम अमुक लायब्ररी सापडत नाही, तमुक सापडत नाही म्हणत रुसून बसला होता. एक्स्टर्नलसमोर डेमो द्यायला फार दिवस उरले नव्हते. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हे असं का झालं ते बघू.

आकड्याची भानगड

उबुंटूचा आकडा म्हणजे तारीख असते. टिंबाच्या आधी वर्ष, नंतर महिना. पहिलं उबुंटू ऑक्टोबर २००४ मध्ये आलं, म्हणून ते ४.१०. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती येते. अपवाद एकच. २००६ मध्ये पहिल्यांदा एलटीएस म्हणजे लाँग टर्म सपोर्टवालं उबुंटू काढायचं ठरलं. बरीच वर्षं सांभाळायचं आहे तर नीट घासूनपुसून देऊ, म्हणून एप्रिलचा मुहूर्त जाहीरपणे पुढे ढकलला आणि ते जूनमध्ये आलं. म्हणून ते ६.०६. (आपली सबमिशनंही लांबतात, पण ती अशी सांगूनसवरून नव्हे.) २००८ पासून मात्र दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये एलटीएस येतं: ८.०४, १०.०४, १२.०४ असं करत २४.०४ पर्यंत.

एलटीएसला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. पूर्वी ही पाच वर्षं फक्त सर्व्हरला होती, डेस्कटॉपला तीनच. १२.०४ पासून दोघांनाही पाच झाली. मधल्या आवृत्त्यांचं उलटं झालं. त्यांना आधी अठरा महिने मिळायचे, १३.०४ पासून ते नऊ महिन्यांवर आले.

आता गणित करा. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, त्याची मुदत २०२९ पर्यंत. २४.१० ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं आणि १० जुलै २०२५ ला संपलं. आकडा मोठा, पण आयुष्य छोटं. आणि 'संपलं' म्हणजे मशीन बंद पडत नाही, म्हणून तर फसायला होतं. दुरुस्त्या यायच्या थांबतात. मग केव्हातरी त्या आवृत्तीची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवली जातात, आणि एक दिवस साधं एखादं पॅकेज टाकायला गेलं की ४०४ चा पाढा सुरू होतो.

जुनं म्हणजे असुरक्षित?

मोठ्या आकड्याच्या पक्षाचा सगळ्यात जोरदार मुद्दा हा: "एलटीएसमधलं सॉफ्टवेअर दोन-दोन वर्षं जुनं, मग त्यात भोकं असणारच." ऐकायला बरोबर वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, ते एका खऱ्या उदाहरणावरून बघू.

१ जुलै २०२४ ला क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचमधली एक गंभीर चूक जाहीर केली. मजा म्हणजे ही चूक २००६ मध्ये एकदा दुरुस्त झालेली होती. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कोडमध्ये केलेल्या एका बदलानं ती परत आली आणि ८.५ या आवृत्तीपासून पुढे सगळीकडे गेली. ओपनएसएसएचच्या मूळ प्रकल्पानं दुरुस्ती दिली ती ९.८ या नव्या आवृत्तीत. उबुंटू २२.०४ मध्ये होतं ८.९. मग उबुंटूनं २२.०४ वाल्यांना ९.८ दिलं का? नाही. त्यांनी ९.८ मधला दुरुस्तीचा तेवढाच तुकडा काढून ८.९ ला जोडला आणि आवृत्तीच्या आकड्याला मागे एक शेपूट लावलं: '३उबुंटू०.१०'. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. सदरा तोच, फाटलं तिथे ठिगळ.

त्यामुळे नुसतं '८.९' वाचून कुणी म्हणालं की तुझं मशीन धोक्यात आहे, तर त्याला शेपूट वाचायला सांगा. खरी माहिती तिथे असते.

आणि २०.०४? त्यात ओपनएसएसएच ८.२ होतं. चूक परत आली तीच ८.५ पासून, म्हणून २०.०४ ला या प्रकरणात धक्काही लागला नाही. सगळ्यात जुनं मशीन सगळ्यात निवांत होतं. याचा अर्थ जुनं नेहमीच सुरक्षित असा नाही, तसं म्हणणं तितकंच चूक. पण चुका फक्त जुन्या कोडमध्ये राहतात हा समज डोक्यातून काढा. नव्या कोडबरोबर नव्या चुका येतात.

कधीकधी चूक नव्हे, तर मुद्दाम घातलेला चोरदरवाजाही येतो. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरनं एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत असा दरवाजा शोधून काढला. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय एवढ्या संशयावरून. तो दरवाजा ५.६.० आणि ५.६.१ या तेव्हा ताज्या असलेल्या आवृत्त्यांमध्ये होता. उबुंटूच्या कुठल्याही बाहेर पडलेल्या आवृत्तीत तो पोचला नाही, पण तयार होत असलेल्या २४.०४ च्या दारापर्यंत आला होता. तिथली पॅकेजेस पुन्हा नव्यानं बांधावी लागली आणि बीटा एक आठवडा पुढे गेला.

मग सगळी नवी आवृत्तीच का देत नाहीत, हा प्रश्न उरतोच. कारण नवी आवृत्ती एकटी येत नाही. कॉन्फिगरेशन फाइलची पद्धत बदलते, एखादा पर्याय काढून टाकलेला असतो, लायब्ररीचा क्रमांक बदलतो आणि तिच्यावर बांधलेलं सगळं पुन्हा बांधावं लागतं. दादाच्या रोबोचं नेमकं हेच झालं. एलटीएस घेताना आपण 'जुनं' घेत नाही, 'पाच वर्षं पायाखालची फरशी हलणार नाही' हे वचन घेतो.

रंगीत तालीम

मधल्या आवृत्त्या मग कशासाठी? माझ्या मते त्या पुढच्या एलटीएसची रंगीत तालीम असतात, आणि तालमीत पडदा अडकतो, संवाद विसरतात, हे गृहीतच धरायचं असतं.

१७.१० चं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते आलं. युनिटी डेस्कटॉप जाऊन ग्नोम आला, आणि एक्सऑर्गऐवजी वेलँड हा नवा डिस्प्ले सर्व्हर डिफॉल्ट झाला. सहा महिन्यांनी १८.०४ एलटीएस आलं तेव्हा ग्नोम टिकला, पण डिफॉल्ट पुन्हा एक्सऑर्ग केला गेला. वेलँड अजून पाच वर्षांच्या वचनाला तयार नाही, असं तालमीत कळलं होतं.

त्याच १७.१० मध्ये याहून वाईट एक प्रकार झाला. कर्नलमधल्या इंटेलच्या एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपचं, विशेषतः लेनोवोच्या बऱ्याच मॉडेल्सचं, बायोस बिघडलं. सेटिंग बदललं तरी सेव्ह होईना, काहींवर पेनड्राइव्हवरून बूटसुद्धा होईना. डिसेंबर २०१७ मध्ये कॅनॉनिकलनं १७.१० चं डाउनलोड काढून घेतलं आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त प्रत दिली. फॉरमॅट मारून सुटणारा हा घोळ नव्हता.

अलीकडचा किस्सा २५.१० चा. त्यात नेहमीच्या कमांड्सच्या सी भाषेतल्या जुन्या आवृत्तीऐवजी रस्ट भाषेत लिहिलेली नवी आवृत्ती डिफॉल्ट केली. तिच्यातल्या 'डेट' या कमांडमध्ये एक चूक निघाली आणि त्यामुळे काही मशीन्सनी आपोआप अपडेट शोधणंच बंद केलं. कुठे एरर नाही, बोंबाबोंब नाही. चूक लवकरच दुरुस्त झाली, पण विचार करा: सुरक्षा वाढावी म्हणून आणलेल्या बदलानं सुरक्षेच्या दुरुस्त्याच अडवल्या!

या किश्श्यांवरून मधल्या आवृत्त्या वापरणाऱ्यांना हसू नका. ते ठेचा खातात म्हणून एलटीएसचा रस्ता सपाट होतो. फक्त ठेच कधी लागलेली परवडेल, हे ज्यानं त्यानं आधी ठरवावं.

पण माझा लॅपटॉप अगदी नवा आहे!

हा मुद्दा मात्र खरा आहे. नव्या हार्डवेअरला नवा कर्नल लागतो. मीडियाटेकचं एमटी७९२१ हे वायफाय कार्ड बऱ्याच लॅपटॉपमध्ये आलं, त्याचा ड्रायव्हर कर्नल ५.१२ पासून आहे. २०.०४ चा मूळ कर्नल होता ५.४. म्हणजे इन्स्टॉल झालं, सगळं छान दिसतंय, आणि वायफायचं चिन्हच नाही.

यावरचा तोडगा एलटीएसमध्येच असतो आणि तो फार जणांना माहीत नसतो. एलटीएसच्या आकड्यापुढे आणखी एक आकडा लागतो: २४.०४.१, २४.०४.२ वगैरे. या पॉइंट रिलीजेस. दुसऱ्या पॉइंट रिलीजपासून मधल्या आवृत्त्यांमधला नवा कर्नल आणि ग्राफिक्सचा भाग एलटीएसवर आणून देतात. त्याला एचडब्ल्यूई म्हणतात. २४.०४ निघालं ६.८ कर्नलवर, फेब्रुवारी २०२५ च्या २४.०४.२ मध्ये ६.११ आला आणि ऑगस्टच्या २४.०४.३ मध्ये ६.१४. डेस्कटॉपवर हे आपसूक मिळतं, सर्व्हरवर मागून घ्यावं लागतं. म्हणून सिनियरच्या जुन्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करू नका. त्याच एलटीएसची शेवटची पॉइंट रिलीज उतरवून घ्या, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

दादाच्या बाबतीत तर नशिबानं थट्टाच केली. २३.०४ मध्ये कर्नल होता ६.२. तोच ६.२ ऑगस्ट २०२३ मध्ये २२.०४.३ बरोबर एलटीएसवर आला. महिनाभर थांबला असता तर तोच कर्नल, तयार हंबल आणि २०२७ पर्यंतची निश्चिंती एकत्र मिळाली असती.

एचडब्ल्यूईनंही भागत नसेल, म्हणजे लॅपटॉप इतका ताजा असेल की आवाज किंवा टचपॅड चालतच नाही, तर मधली आवृत्ती खुशाल टाका. पण पुढचं एलटीएस आलं की तिथे उतरायचं आणि मुक्काम करायचा. मधल्या आवृत्तीवरून उडी मारता येत नाही, एकेक पायरी चढावी लागते, आणि खाली उतरायला जिना नाही. मागची आवृत्ती हवी तर नव्यानं इन्स्टॉल.

सॉफ्टवेअर मात्र ताजं हवं

'एलटीएसवर सगळंच शिळं' हेही आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. फायरफॉक्स २२.०४ पासून स्नॅपमधून येतो, त्यामुळे ब्राउझर सगळ्यांना ताजाच मिळतो. २४.०४ चा डिफॉल्ट जीसीसी १३ आहे, पण नव्या सी++ मधलं 'प्रिंट' वापरून बघायचं असेल तर जीसीसी १४ त्याच भांडारात शेजारी ठेवलेला आहे, वेगळं पॅकेज म्हणून. पायथनच्या लायब्ररींसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरा. २४.०४ वर सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिपनं काही घुसवायला गेलात तर ते स्वतःच अडवतं, आणि बरंच करतं. बाकी डॉकर आहेच. पाया स्थिर ठेवायचा आणि वरच्या मजल्यावर हवे ते प्रयोग करायचे.

एक बारीक अक्षरातली अट सांगितली पाहिजे. पाच वर्षांचं वचन 'मेन' या विभागातल्या पॅकेजेसना आहे. ती आहेत सुमारे २,३००. 'युनिव्हर्स' विभागात २३,००० हून जास्त पॅकेजेस आहेत आणि त्यांची देखभाल स्वयंसेवकांच्या सवडीनं होते. आपली बरीच मंडळी तिथेच राहतात: ऑक्टेव्ह, सायलॅब, कायकॅड, व्हीएलसी. यांनाही दुरुस्त्या हव्या असतील तर उबुंटू प्रो घ्यावं लागतं. घरगुती वापराला ते पाच मशीनपर्यंत फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं, आणि त्यात एकूण मुदत दहा वर्षांची होते. टर्मिनलवर अपडेट करताना 'आणखी दुरुस्त्या उपलब्ध आहेत' अशी जी ओळ येते आणि जी आपण कधीच वाचत नाही, ती याचबद्दल असते.

आणि वचन हे शेवटी वचनच. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंतचा सपोर्ट सांगितला होता. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो २०२१ अखेर संपेल. त्यावर सर्व्हर उभारलेल्यांना वर्षभरात बिऱ्हाड हलवावं लागलं. तेव्हा एलटीएस असलं तरी बॅकअप ठेवायचाच.

कॅलेंडर समोर ठेवा

एप्रिलमधली मधली आवृत्ती जानेवारीत संपते, म्हणजे बरोबर दुसऱ्या सेमिस्टरच्या तोंडावर. ऑक्टोबरची संपते जुलैमध्ये, परीक्षा आटोपल्यावर. म्हणून जुलैमध्ये एप्रिलची आवृत्ती टाकणारा सगळ्यात जास्त मार खातो. त्याच्या नऊ महिन्यांतले तीन आधीच गेलेले असतात आणि उरलेले सहा अगदी नको तिथे संपतात. मधलीच घ्यायची हौस असेल तर ऑक्टोबरची घ्या, शैक्षणिक वर्ष तरी पार पडेल.

एलटीएसवाल्यांनीही नवं एलटीएस आल्या दिवशी उडी मारू नये. एका एलटीएसवरून दुसऱ्यावर जायची सूचना उबुंटू स्वतःच पहिल्या पॉइंट रिलीजनंतर, साधारण ऑगस्टमध्ये देतं. २०२४ मध्ये तर ती सुरू केल्यावर अपग्रेडच्या प्रोग्राममध्येच घोळ सापडला म्हणून काही दिवस थांबवली होती. अपडेटच्या सेटिंगमध्ये 'कुठल्याही नव्या आवृत्तीची सूचना द्या' आणि 'फक्त एलटीएसची द्या' असे पर्याय असतात. दुसरा निवडलेला आहे ना, ते आज बघून घ्या. रात्री दोन वाजता डोळ्यांवर झोप असताना आलेल्या सूचनेला माणूस 'होय' म्हणतो.

बीईच्या वर्षात तर उलट दिशेनं ठरवा. आधी प्रोजेक्टला काय लागतंय ते बघा, मग त्याला कुठलं उबुंटू चालतं ते बघा. रॉस २ हंबल म्हणजे २२.०४, जॅझी म्हणजे २४.०४. लिनक्स मिंटवालेसुद्धा २०१४ पासून फक्त एलटीएसच्या पायावरच मिंट बांधतात, ते उगाच नाही. प्रयोगाची खुमखुमी असेल तर साठ-सत्तर जीबीचं वेगळं पार्टिशन काढा, त्यावर ताजी आवृत्ती टाका, मोडा, पुन्हा टाका. शिकायला तेच उत्तम. मी स्वतः बूटलोडर कसा काम करतो ते असंच मोडूनमोडून शिकलो. फक्त प्रोजेक्ट त्या पार्टिशनवर ठेवू नका.

आता दादाचं राहिलं. दोन दिवस लायब्ररींशी झगडून त्यानं नाद सोडला. रूम पार्टनरच्या जुन्या लॅपटॉपवर २२.०४ होतं. त्यावर हंबलची तयार पॅकेजेस टाकायला एक तास लागला. स्वतःचा कोड गिटवर होता तो उतरवला, दोन फाइलींतले पाथ बदलले आणि संध्याकाळी रोबो परत पळाला. डेमो त्या जुन्या लॅपटॉपवरच झाला. एक्स्टर्नलनी विचारलं, "हे पुढच्या वर्षीच्या मुलांना चालवता येईल का?" दादानं रिपोर्टच्या परिशिष्टात एक ओळ पेननं लिहून दिली: उबुंटू २२.०४, रॉस २ हंबल, मुदत २०२७. पुढच्या बॅचनं तो रोबो त्या एका ओळीच्या आधारे पहिल्याच दिवशी चालू केला.